वृषणाच्या कर्करोगानंतरचा संसार

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा पन्नाशी-साठीतला माणूस येतो. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग किंवा बायकांमधला स्तनाचा आणि गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांविषयी आता गावोगावी बोलले जाते. पण पुरुषांचा एक कर्करोग असा आहे, की तो ऐन तारुण्यात, म्हणजे साधारण पंधरा ते चाळीस या वयात गाठतो, आणि त्याविषयी मात्र कोणीच बोलत नाही. तो म्हणजे वृषणाचा कर्करोग. वृषण म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण अंड किंवा गोटी म्हणतो, तो अवयव.

आपल्या देशात हा रोग दुर्मीळ आहे. लाख पुरुषांमागे वर्षाला सरासरी एकालाही तो होत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार आठ लाखांच्या आसपास होती. त्या हिशेबाने इथे वर्षाकाठी दोन-तीन तरुणांना हा आजार होत असेल. आकडा लहान वाटतो. पण या रोगाचे वैशिष्ट्य असे, की त्यातून बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात आणि पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतात. म्हणजे आजार झालेले थोडे असले, तरी आजारातून उठून संसार करणारे वर्षागणिक वाढत जातात. आज बोलायचे आहे ते या बरे झालेल्या माणसांविषयी.

हा रोग पूर्वीपासून असा बरा होत नसे. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जंतूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. तेव्हा विजेच्या टोकांना वापरलेल्या प्लॅटिनम धातूपासून तयार झालेल्या एका रसायनाने पेशींची वाढ थांबते, असे त्यांच्या लक्षात आले. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध निघाले. १९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते इतर औषधांबरोबर वृषणाच्या कर्करोगाच्या रुग्णाला दिले. शरीरभर पसरलेला रोग, ज्यात पूर्वी बहुतेक तरुण दगावत, तो बरा होऊ लागला. आपल्या परिचयाचे उदाहरण द्यायचे तर क्रिकेटपटू युवराज सिंगचे. २०११ च्या विश्वचषकाचा मालिकावीर ठरलेल्या युवराजला दोन फुफ्फुसांच्या मधल्या जागेत गाठ असल्याचे निदान झाले. ती वृषणात नव्हती, पण वृषणाचा कर्करोग ज्या बीजपेशींपासून होतो त्याच जातीची होती. २०१२ मध्ये अमेरिकेत केमोथेरपी घेऊन तो त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुन्हा भारताकडून खेळला.

मैदानावर परतलेला खेळाडू सगळ्यांना दिसतो. घरी परतलेल्या तरुणाच्या मनात मात्र जे प्रश्न असतात ते तो कोणापुढे मांडत नाही. माझे पुरुषपण शाबूत आहे का? लग्न करता येईल का? बायकोला सुख देता येईल का? मूल होईल का? डॉक्टर घाईत असतात. बरोबर वडील किंवा चुलते आलेले असतात, त्यांच्यादेखत विचारायचे कसे? बायको बरोबर असली, तरी तिलाही विचारवत नाही. मग उत्तर मिळते ते मित्रांच्या कुजबुजीतून किंवा एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ अशा जाहिरातीतून.

ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून या विषयावर उघड आणि शास्त्रीय भाषेत लिहिले, अश्लीलतेचे खटले सोसले, आणि ज्यांची बाजू १९३४ मध्ये न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, त्या महाराष्ट्रात हा संकोच अजून टिकून आहे. म्हणून एकेक प्रश्न सरळ घेऊ.

पहिली भीती बैलाची. आपला भाग शेतीचा आणि जनावरांचा. गोऱ्ह्याला बडवले किंवा चिमटा लावला की त्याचा बैल होतो, त्याची मस्ती जाते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे ‘एक वृषण काढायचे आहे’ असे डॉक्टरांनी सांगताच तरुणाच्या मनात तेच चित्र उभे राहते. पण इथे एक फरक ध्यानात घ्यावा. बैल करताना दोन्ही वृषणे निकामी करतात. या कर्करोगात बहुतेक वेळा एकच काढतात. निसर्गाने डोळे, कान, मूत्रपिंडे दोन-दोन दिली तशीच वृषणेही दोन दिली. उरलेले एक निरोगी असेल, तर पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, आणि शुक्राणू ही दोन्ही कामे ते बहुतेकांत एकट्याने पार पाडते. दाढी-मिशा, आवाज, अंगातली ताकद, कामेच्छा यांत फरक पडत नाही. लिंगाला ताठरता येते ती रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मन यांच्यामुळे. वृषण काढण्याच्या शस्त्रक्रियेत या कशालाही धक्का लागत नाही. ही शस्त्रक्रिया अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसारखी जांघेत छेद घेऊन करतात. गाठीची शंका असताना अंडकोशात बाहेरून सुई घालून तुकडा काढू नये, हा नियम आहे. कारण त्यामुळे रोग भलत्या वाटेने पसरू शकतो. एक बाजू मोकळी दिसते याची लाज वाटत असेल, तर तिथे सिलिकॉनचे कृत्रिम वृषण बसवता येते. त्याचे काम फक्त दिसण्यापुरते असते. ते बसवायचे की नाही, ही ज्याची त्याची आवड.

दुसरा प्रश्न पोटातल्या शस्त्रक्रियेचा. हा रोग पसरतो तो बहुधा पोटाच्या मागच्या भिंतीलगत असलेल्या रसग्रंथींमध्ये. काही रुग्णांत त्या ग्रंथी काढाव्या लागतात. त्यांच्या शेजारूनच वीर्य बाहेर टाकण्याचा आदेश नेणारे बारीक मज्जातंतू जातात. ते दुखावले तर वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते, किंवा येतच नाही. ताठरता येते, सुखाची अखेरची लहरही जाणवते, पण वीर्य दिसत नाही. हे आधी सांगितले नसेल, तर माणूस घाबरून जातो. आपल्याकडे वीर्याविषयी आधीच नाना समजुती आहेत. त्यात हे घडले की ‘सगळे संपले’ असे त्याला वाटते. मागे गेलेले वीर्य लघवीवाटे निघून जाते, त्याने अपाय होत नाही. मज्जातंतू वाचवून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत आता रूढ आहे आणि अनुभवी शल्यविशारदाच्या हातून बहुतेकांचे वीर्यस्खलन टिकते. शस्त्रक्रियेपूर्वी ‘माझे मज्जातंतू वाचवता येतील का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. नंतर अडचण आलीच, तर काहींना गोळ्यांनी गुण येतो. मूल हवे असल्यास लघवीतून किंवा थेट वृषणातून शुक्राणू मिळवण्याचे उपायही आहेत.

तिसरा प्रश्न केमोथेरपीचा. ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही तीन औषधे सहसा तीन किंवा चार फेऱ्यांत देतात. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. शुक्राणू सतत तयार होत असल्याने तेही त्यात सापडतात. उपचारांच्या काळात शुक्राणूंची संख्या घटते, कधी शून्यावर येते. बहुतेकांत ती दोन वर्षांत, काहींत पाच वर्षांपर्यंत पुन्हा वाढते. थोड्यांत मात्र ती परत येत नाही, आणि ते थोडे कोण, हे आधी सांगता येत नाही. शिवाय या रोगाच्या अनेक रुग्णांत उपचारांपूर्वीच शुक्राणू कमी असतात.

म्हणून या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अशी. उपचार सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवून ठेवावे. प्रयोगशाळेत नमुना देतात, तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सियसला गोठवतात आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. जमल्यास एक-दोन दिवसांच्या अंतराने दोन-तीन नमुने द्यावेत. शुक्राणू फार थोडे असले तरी साठवण्यात अर्थ आहे, कारण आज एकेक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र उपलब्ध आहे. देशात २०२१ च्या साहाय्यित जननाच्या कायद्यानुसार अशा बँकांना नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा नोंदणी आहे ना, ते पाहूनच नमुना द्यावा, आणि साठवणीचे वार्षिक शुल्क व मुदत लेखी घ्यावी. इंदापूरच्या तरुणाला त्यासाठी पुण्याला जावे लागेल, एक-दोन दिवस मोडतील. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत तेवढा उशीर चालतो. तरी तो किती चालेल, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. अविवाहित मुलापुढे हा विषय काढायला घरच्यांना अवघड वाटते. मुलगा वीस वर्षांचा, जिवावर बेतलेले, आणि इथे मुलाबाळांची कसली चर्चा, असे वडीलधाऱ्यांना वाटते. पण तो बरा होणार आहे, हे धरूनच चालायचे. उपचारांनंतर सात-आठ वर्षांनी हाच प्रश्न घरात सगळ्यांत मोठा होतो, आणि तेव्हा मागे जाता येत नाही.

केमोथेरपी चालू असताना शरीरसंबंध पूर्ण वर्ज्य नाहीत. पांढऱ्या पेशी किंवा रक्तबिंबिका फार उतरल्या असतील, तेव्हा मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबावे. निरोध वापरावा, कारण औषधाचा अंश वीर्यात उतरू शकतो. संपल्यानंतरही किमान एक वर्ष, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस, गर्भ राहू देऊ नये. शुक्राणू नाहीसे झाले असतील, असे गृहीत धरून बेसावध राहू नये. पुरेसा काळ गेल्यानंतर झालेल्या मुलांमध्ये केमोथेरपीमुळे जन्मजात व्यंग वाढल्याचे आढळलेले नाही. हा रोग संबंधातून बायकोला लागत नाही. हस्तमैथुनाने, सायकल चालवल्याने किंवा मार लागल्याने तो होत नाही. मार लागल्यावर माणूस हात लावून पाहतो आणि आधीच असलेली गाठ त्या वेळी लक्षात येते, एवढेच.

आता संप्रेरकाविषयी. काही पुरुषांत उरलेले वृषण थोडे दुबळे असते किंवा उपचारांनी दुबळे होते. मग महिने-वर्षे उलटून गेल्यावरही थकवा जात नाही, इच्छा होत नाही, चिडचिड होते, पोट सुटते, दंड बारीक होतात, झोप बिघडते. घरचे म्हणतात, ‘आजाराने आळशी झालाय.’ अशा वेळी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान रक्त देऊन टेस्टोस्टेरॉनची तपासणी करावी. कमी आढळल्यास ती पुन्हा करून खात्री करतात. गरज असेल तर हे संप्रेरक बाहेरून देता येते आणि माणसात चांगला फरक पडतो. पण एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिले, की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणे थांबवते. म्हणून मूल हवे असणाऱ्याने ते घेण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. व्यायामशाळेत मिळणारी ‘ताकदीची’ इंजेक्शने तर मुळीच घेऊ नयेत.

शरीर ठीक असूनही ताठरता येत नाही, असेही अनेकांना होते. त्याचे कारण बहुधा भीती. एकदा जमले नाही की पुढच्या वेळी माणूस आधीच परीक्षेला बसल्यासारखा होतो. पहाटे उठताना ताठरता येत असेल, तर यंत्रणा शाबूत आहे असे समजायला हरकत नाही. या अडचणीवर गोळ्या आहेत, त्या गुणकारीही आहेत. पण हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळ्या किंवा तशी नायट्रेटची औषधे चालू असतील, तर त्या जिवावर बेतू शकतात. म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत. पुष्कळदा गोळीपेक्षा नवरा-बायकोने आपसात मोकळेपणाने बोलणे अधिक उपयोगी पडते. जखम भरल्यावर, साधारण चार ते सहा आठवड्यांनी, संबंध सुरू करायला अडचण नसते. सुरुवातीला नुसते जवळ असणे, स्पर्श, गप्पा एवढ्यावर समाधान मानावे. बायकोच्या मनातही भीती असते. त्याला दुखेल का, आपण हट्ट धरला असे वाटेल का, या विचाराने ती लांब राहते. तो समजतो, आपण तिला नकोसे झालो. दोघेही एकमेकांची काळजी करत एकमेकांपासून दुरावतात.

तिच्याविषयी आणखी एक सांगायला हवे. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या समाजात बोट तिच्याकडे जाते. तिला उपासतापास, नवससायास, पुण्याच्या दवाखान्यांच्या फेऱ्या. नवऱ्याचे उपचार झालेले घरच्यांना माहीत असतात, तरी त्याची वीर्यतपासणी सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही. वास्तविक ही तपासणी साधी आणि स्वस्त आहे. ज्याने असे उपचार घेतले आहेत, त्याने ती आधी करून घ्यावी. बायकोला विनाकारण दोष लागू न देणे हेही पुरुषपणच आहे.

लग्न जमवताना सांगावे की लपवावे? पाहुण्यांना कळले तर स्थळ मोडेल, ही भीती खोटी नाही. तरीही मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आधी सांगणे हेच योग्य. शक्य असेल तर आपल्या डॉक्टरांकडे त्यांना घेऊन जावे. रोग बरा झाला आहे, दरवर्षी तपासणी होते, वीर्य साठवलेले आहे, एवढी माहिती कागदावर असली की समजूतदार माणसे विचार करतात. लपवून केलेल्या लग्नात जांघेतली खूण पहिल्याच रात्री प्रश्न विचारते, आणि मग तुटते ते स्थळ नव्हे, तर विश्वास.

उपचारांच्या काही खुणा पुढेही राहतात. सिस्प्लॅटिनमुळे हातापायांची बोटे बधिर होतात, कानात सतत आवाज येतो किंवा बारीक आवाज ऐकू येत नाहीत. ब्लिओमायसिननंतर थंडीत बोटे पांढरी पडतात. धार काढणाऱ्याला, द्राक्षाची विरळणी करणाऱ्याला किंवा कारखान्यात गव्हाणीच्या गोंगाटात उभे राहणाऱ्याला हे जाणवते. गोंगाटात कान झाकावेत, थंडीत हातमोजे घालावेत. ब्लिओमायसिनचा फुफ्फुसांवर परिणाम होऊ शकतो. म्हणून पुढे कधीही कोणतीही शस्त्रक्रिया झाली, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध घेतल्याचे सांगावे. रक्तदाब, चरबी आणि हृदयविकार यांचा धोका थोडा वाढतो. त्यामुळे तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी आणि वजन आटोक्यात ठेवावे. उरलेल्या वृषणातही कालांतराने शंभरात दोन-तीन जणांना हा रोग होऊ शकतो. म्हणून महिन्यातून एकदा गरम पाण्याने अंघोळ केल्यावर ते बोटांनी चाचपून पाहावे.

हीच तपासणी सर्वच तरुणांनी करावी. न दुखणारी कठीण गाठ, वृषण जड किंवा मोठे वाटणे, ही लक्षणे दिसली की ‘पाणी झाले असेल’ किंवा ‘गळीत हंगाम संपल्यावर बघू’ असे म्हणत बसू नये. सोनोग्राफीने बरेचसे कळते. लहानपणी वृषण खाली उतरलेले नसेल, तर या रोगाचा धोका जास्त असतो. बाळ सहा महिन्यांचे झाले तरी ते उतरले नाही, तर शल्यविशारदांना दाखवावे. शस्त्रक्रिया सहसा पहिल्या दीड वर्षात करतात.

जायचे कुठे? सुरुवात बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय इथून करता येते. पुढे पुण्यात किंवा मुंबईत परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचार होतात. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. शिधापत्रिका आणि ओळखपत्र बरोबर ठेवावे. मन फार खचले असेल, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो. मराठीतही बोलता येते.

आणि पुढच्या तपासणीला जाताना एका कागदावर आपले प्रश्न लिहून न्यावेत. तोंडाने विचारायला लाज वाटली, तर तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा. शक्य असेल तर बायकोला बरोबर न्यावे, आणि वडीलधाऱ्यांना पाच मिनिटे बाहेर बसायला सांगावे. त्यांनीही ते समजून घ्यावे.